चादरमावशी आणि आठ दिवसांची गाडी

त्यांना सगळे चादरमावशी म्हणायचे. खरं नाव लाँड्रीच्या पाटीवर तेवढं होतं, आणि पाटीही उन्हाने इतकी फिकी पडली होती की वाचायला अगदी जवळ जावं लागे. वय छप्पन्न. अंगकाठी किरकोळ, पण ओल्या टॉवेलांचं गाठोडं एका हिसक्यात खांद्यावर घ्यायच्या. दोन हॉटेलं, एक दातांचा दवाखाना, एक व्यायामशाळा आणि एक मोटारींची शोरूम, एवढ्यांचं धुणं त्यांच्याकडे यायचं. धुण्याची मशीनं आणि व्हॅन मावशींच्या ताब्यात, इस्त्रीचा रोलर धाकट्या जावेच्या. वीस वर्षं दोघी एका छताखाली वाफेत उभ्या होत्या. जावेच्या जिभेलाही त्या वाफेचा चटका लागलेला होता. बोलली की समोरच्याला भाजायचंच.

मावशींचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, नकाशे काढायचे. तीस वर्षं टेबलावर वाकून दुसऱ्यांची घरं आखली आणि त्या नादात पाठ कामातून गेली. दहा मिनिटांच्या वर त्यांना बसवत नसे. आडवं पडायचं नाहीतर उभं राहायचं, मधलं काही नाही. जेवणसुद्धा उभ्याने, कपाटाच्या कडेवर ताट ठेवून. तीन वर्षांत डॉक्टर सोडले तर ते कोणाकडे गेले नव्हते. मावशींच्या व्हॅनमध्ये एकदाच बसले होते. पहिल्याच गतिरोधकाला असे कळवळले की मावशींनी तिथूनच गाडी माघारी वळवली. तेव्हापासून मावशी फेऱ्यांना निघाल्या की काका वरच्या खिडकीत उभे राहून हात करायचे, आणि मावशींना तो हात बघून उगीच अपराध्यासारखं वाटायचं.

एका सोमवारी व्हॅनचा गिअरबॉक्स बसला. गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं, मान हलवली आणि सांगितलं, सुटा भाग बाहेरून येणार, आठ-दहा दिवस धरा. आठ-दहा दिवस हॉटेलातली माणसं काय गाद्यांवर नुसतीच झोपणार होती?

त्याच दुपारी त्या शोरूममध्ये गेल्या, धुतलेले गणवेश खांद्यावर टाकून, चालत. तिथे जाहिरातीचं काम बघणारी एक पोरगी होती. चुणचुणीत, सतत घाईत, पण मावशींना बघून थांबणारी.

"मावशी, आज चालत?"

मावशींनी व्हॅनची कहाणी सांगितली. पोरगी ऐकता ऐकता वेगळ्याच विचारात गेली.

"मावशी, आमची नवी एसयूव्ही आठ दिवस चालवाल?"

मावशींना वाटलं, कुठेतरी पोचवायची असेल. "कुठे नेऊन द्यायची?"

"कुठेच नाही. तुमच्याकडेच ठेवायची. रोजच्या कामाला वापरायची आणि शेवटी सांगायचं, कशी वाटली. आत्तापर्यंत सगळ्या पत्रकारांनी चालवली. डोंगरात नेली, फोटो काढले, झालं. रोजच्या वापराला कशी आहे, टिकाऊ वाटते का, हे कोणी सांगत नाही. कंपनीला सामान्य माणसाचं मत हवंय."

ती गाडी काचेपलीकडे उभी होती. गडद राखाडी, एका खोलीएवढी. मावशींनी गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या ब्लीचने विटलेल्या बाह्यांकडे.

"आणि काही झालं तिला?"

"विमा आहे. तुम्ही फक्त वापरा."

संध्याकाळी जावेला सांगितलं तेव्हा तिने रोलर बंद केला. ती सहसा रोलर बंद करत नसे.

"ताई, सामान्य माणूस म्हणजे ज्याला ती गाडी जन्मात घेता येणार नाही तो, असंच ना? मग त्याचं मत घेऊन कंपनी करणार काय?"

मावशींनाही ते पटलं. पण चादरी पोचवायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगीने त्यांना तासभर गाडी समजावून सांगितली. किल्ली होती पण ती कुठे घालायची नव्हती, नुसती जवळ बाळगायची होती. आरशात मागचं दिसायचं आणि पडद्यावरही मागचं दिसायचं, आणि दोन्हींत ते सारखं दिसत नव्हतं. मागचं दार उघडायला हात मोकळे नसतील तर बंपरखाली पाय न्यायचा. मावशींनी सवयीने पाय उचलला आणि दणका देणार इतक्यात पोरगी ओरडली, "लाथ नाही मावशी! नुसता पाय दाखवायचा!"

मावशींनी पाय दाखवला. दार आपलं आपण, कोणी झोपेतून उठावं तसं हळूहळू वर गेलं. मावशी पाय तसाच हवेत धरून बघत राहिल्या.

पहिल्या फेरीला जाऊ मदतीला आली. व्हॅनमध्ये अठरा गाठोडी बसायची. एवढ्या धुडात पंचवीस तरी जातील असा दोघींचा अंदाज होता. अकरा गेली. मागचं छत दिसायला देखणं, उतरतं होतं, आणि त्या देखणेपणानेच सात गाठोडी खाल्ली होती. मग मागची सीट आडवी करायचं बटण सापडलं, तेव्हा आणखी चार मावली. त्यातही मागचा ओटा इतका उंच की प्रत्येक गाठोडं छातीपर्यंत उचलावं लागत होतं. पाचव्या गाठोड्याला मावशींना घाम फुटला. हात टेकायला म्हणून त्यांनी दाराच्या कडेला हात ठेवला, तिथे कसलंसं बटण दाबलं गेलं, आणि गाडी उसासा टाकून खाली बसली.

"अगं बाई! पंक्चर!" मावशी म्हणाल्या.

जाऊ चारी चाकांभोवती फिरून आली. "चाकं धड आहेत. बसलीय ती. उंट बसतो ना, तशी."

मावशींनी पुन्हा बटण दाबलं. गाडी उठली. पुन्हा दाबलं, बसली. सामान चढवायला ही सोय उत्तमच होती, यात वाद नव्हता. पण ज्यांनी एवढं डोकं चालवून गाडीला बसायला शिकवलं, त्यांनी आधीच ती एवढी उंच का केली, हे काही मावशींच्या ध्यानात येईना.

मोठ्या हॉटेलवर खरा घोळ झाला. मागच्या फाटकावरचा पहारेकरी मावशींना बारा वर्षं ओळखत होता. रोज तो बसल्या जागेवरून हात हलवायचा आणि दांडा वर करायचा. आज तो ताडकन उठला, टोपी सरळ केली आणि काचेकडे न बघताच म्हणाला, "पाहुण्यांसाठी पुढचं दार, मॅडम. डावीकडून वळसा घ्या."

"अरे, मी आहे!" मावशी म्हणाल्या. पण काच बंद होती आणि ती कुठून उघडते हे त्या विसरल्या होत्या. मागे भाजीचा टेम्पो हॉर्न मारायला लागला. मावशी गडबडल्या आणि डावीकडून वळसा घालून पुढच्या दारात गेल्या.

तिथे एका गणवेशातल्या माणसाने त्यांचं दार उघडलं. दुसऱ्याने मागचं उघडलं आणि पितळी दांड्यांच्या ढकलगाडीवर गाठोडी रचायला सुरुवात केली. मावशी "अहो, अहो" म्हणत मागे धावल्या तोवर ढकलगाडी संगमरवरावरून स्वागतकक्षापर्यंत पोचलीसुद्धा. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "स्वागत आहे. बुकिंग कोणाच्या नावावर आहे?"

"बुकिंग नाही. चादरी आहेत," मावशी म्हणाल्या. "तुमच्याच."

मुलीने संगणकात बघितलं. जणू तिथे कुठेतरी चादरी सापडतील.

शेवटी तळघरातल्या कपडेखात्याच्या बाई वर आल्या. धिप्पाड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, मावशींच्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी ढकलगाडीकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, काचेतून गाडीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "लाँड्री सोडलीस का गं?"

"नाही गं. आठ दिवसांपुरती आहे."

"काय, लाँड्री?"

"गाडी!"

बाईंना पटलं की नाही कळलं नाही. त्या दिवशी गाठोडी मोजून घेताना मात्र त्या नेहमीसारख्या गप्पा मारत नव्हत्या. मोजून झाल्यावर "चला, येते मी" म्हणाल्या, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मावशींना "तुम्ही सावकाश जा" असं अहोजाहो करून गेल्या. मावशी परतीच्या वाटेवर तेच घोळवत राहिल्या. लाँड्री तीच, हात तेच, चादरी त्याच. मग बदललं काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी काका खाली उतरले. गाडी लाँड्रीसमोर सावलीत उभी होती. त्यांनी दोन चकरा मारल्या, जुन्या सवयीने एक डोळा बारीक करून छताची रेघ बघितली आणि म्हणाले, "बसून बघू का?"

"दुखेल हो."

"दुखलं तर उतरेन."

ते बसले. मावशींनी पोरगीने शिकवलेली बटणं आठवून दाबली. सीट मागे गेली, कमरेशी फुगली, गरम झाली, मग अंगाखाली हळूहळू हलायला लागली. काकांनी डोकं मागे टेकलं. मावशी घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. आतून जावेने हाक मारली म्हणून त्या गेल्या, मशीन लावून परत आल्या, तर काका झोपलेले. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. बसल्या जागी झोपलेला नवरा त्यांनी तीन वर्षांत बघितला नव्हता. त्या दाराशी उभ्या राहिल्या, आणि त्यांना रडू यायला लागलं, आणि कशासाठी येतंय ते कळेना म्हणून रागही आला.

चौथ्या दिवसापासून काका फेऱ्यांना यायला लागले. शेजारच्या सीटवर बसून ते रस्त्यावरच्या घरांवर टीका करायचे. हा जिना चुकीच्या बाजूला काढलाय, त्या खिडकीला पश्चिमेचं ऊन मारणार. मावशींना त्यातलं काही कळायचं नाही, पण माणूस बोलत होता. दवाखान्यात टॉवेल देताना ते सोबत उतरले. हॉटेलच्या मागच्या फाटकावर तर पहारेकऱ्याशी पाऊण तास उभे राहून बोलले. तोवर मावशींना काच उघडायची जमली होती आणि दांडा पूर्वीसारखा वर व्हायला लागला होता.

"पाठ कशी आहे?" मावशींनी विचारलं.

"बरी आहे. ही सीट म्हणजे जादू आहे."

"पण पाऊण तास तर तुम्ही सीटवर नव्हताच. उभे होता."

काकांनी विचार केला. "हो की," ते म्हणाले, आणि पुढच्या चौकातल्या घराचा जिना बघायला लागले.

सहाव्या दिवशी ब्लीच सांडलं. चूक मावशींचीच. कॅनचं झाकण आटे न बसता वर नुसतं टेकलेलं होतं, आणि एका वळणावर कॅन आडवा झाला. खाली त्यांनी रबरी कापड अंथरलं होतं, पण ओघळ नेमका कडेने उतरला. घरी येऊन बघतात तर मागच्या गडद गालिच्यावर ताटाएवढा तांबूस डाग.

मावशींनी फडकं हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. दुसरं काही सांडलं असतं तर त्यांनी काढलं असतं. तेल, वंगण, शाई, रक्त, सगळं त्यांनी आयुष्यभर काढलं होतं. पण ब्लीचचा डाग हा डागच नसतो. तिथे रंगच उरलेला नसतो. धुवायचं काय?

"गाठोडं ठेवा वर," जाऊ म्हणाली. "दोन दिवसांचा तर प्रश्न."

"आणि नंतर?"

"नंतर त्यांचं ते बघतील."

मावशींना ते जमणार नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा जळलेला शर्ट घेऊन त्या एकदा स्वतः त्याच्या दारात गेल्या होत्या आणि तो ओरडून थकेपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. आताही त्यांनी कपडे बदलले, केस नीट केले आणि गाडी घेऊन थेट शोरूममध्ये गेल्या. वाटेत काय बोलायचं ते चारदा घोकलं. पोरगीसमोर मागचं दार उघडलं आणि घोकलेलं सगळं विसरून नुसतं बोट दाखवलं.

पोरगी वाकली. बोटाने डाग चाचपला. मग मोबाइल काढून तीन फोटो घेतले आणि म्हणाली, "मस्त!"

"काय मस्त?"

"मावशी, हेच तर हवं होतं! खरा वापर. पत्रकारांनी गाडी इतकी जपून वापरली की सगळं खोटं वाटतं. हा डाग बघून लोकांना पटेल की खरंच कोणीतरी कामाला वापरलीय."

"पण डाग पडला ना. म्हणजे गालिचा टिकाऊ नाही ना?"

पोरगीने मोबाइल खिशात घातला. "तसं नाही म्हणायचं. म्हणायचं की एवढं होऊनसुद्धा गाडीला काही झालं नाही."

"झालंय की. हे बघ ना."

"मावशी, तुम्ही फारच चांगल्या आहात," पोरगी म्हणाली आणि आत गेली.

मावशी गाडीत येऊन बसल्या. ओरडा खायची पूर्ण तयारी करून आलेल्या माणसाला कोणी शाबासकी दिली की तो ती घेऊन जाणार कुठे? आयुष्यभर डाग म्हणजे माफी मागणं, एवढंच त्यांना माहीत होतं. इथे डागाचे फोटो काढून घेतात. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

आठव्या दिवशी फॉर्म भरायचा होता. बेचाळीस प्रश्न. जाऊ वाचत होती, मावशी उत्तरं देत होत्या, काका भिंतीला टेकून उभे राहून ऐकत होते.

"सामान ठेवण्याची सोय, दहापैकी किती?"

"पाच. नाही, बसते ना ती, सात. पण सीट आडवी करूनही पंधराच गाठोडी. पाचच लिही."

"वाहनाने तुमच्या मनात कोणती भावना निर्माण केली? आनंद, आत्मविश्वास, साहस, स्वातंत्र्य. एकाच चौकटीत खूण करा."

मावशींनी चारही चौकटींवरून बोट फिरवलं. "दुसरं काही नाही का?"

"'इतर' आहे. पण त्याच्यापुढे जागाच ठेवलेली नाही."

"टिकाऊपणाबद्दल तुमचं पहिलं मत?" हा शेवटचा प्रश्न होता.

इथे मात्र मावशींना एकदम बोलता आलं. "पहिलं मत टिकाऊपणाबद्दल असेल कसं? नवी चादर पहिल्या धुण्यात छानच निघते. चाळीसाव्या धुण्याला कड उसवते, शंभराव्याला मध्ये विरते. दीडशे धुणी झाली की मग मी हॉटेलला सांगते, ही घ्या, ती नको. आठ दिवसांत मी काय सांगू? आठ वर्षं देतील का?"

"हेच लिहू?" जाऊने विचारलं.

"'आठ वर्षं देतील का' ते नको लिहू. मागितल्यासारखं वाटेल."

काका तेवढ्यात म्हणाले, "सीटला दहा दे." मावशींनी दिले. पण दहाचा आकडा सांगताना त्यांना ती सीट आठवत नव्हती. फाटकापाशी उभे राहून पहारेकऱ्याला हातवारे करून काहीतरी समजावणारे काका आठवत होते, आणि त्याला किती गुण द्यायचे हे कुठे विचारलेलंच नव्हतं.

शोरूममध्ये एक कॅमेरावाला आला होता. त्याने मावशींना गाडीपुढे उभं केलं आणि पोरगीने प्रश्न विचारले. ही गाडी रोजच्या आयुष्यात बसते का? मावशी म्हणाल्या, माहीत नाही, फाटकावर बसली नव्हती. ही तुमच्या पिढीला साथ देईल का? मावशी म्हणाल्या, कोणाच्या पिढीला? कॅमेरावाला हसला, पोरगी हसली नाही. मग त्यांनी मावशींना गुडघ्यावर बसवून डागावरून हात फिरवायला लावला आणि म्हणाले, झालं, छान आलं. किल्ली परत देताना मावशींनी फडक्याने पुसून दिली. पोरगीने त्यांना एक छत्री भेट दिली, कंपनीच्या चिन्हाची.

व्हॅन दोन दिवसांनी आली. त्या दोन दिवसांत मावशी आणि जाऊ रिक्षातून गाठोडी नेत होत्या आणि काका बिछान्यात भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवायलाही उठवावं लागायचं. मावशी मनातल्या मनात त्या गाडीवर चिडल्या, मग स्वतःवर, आणली कशाला म्हणून. मग वाटलं, आणली नसती तर तेही चार दिवस मिळाले नसते. मग वाटलं, पण मिळाले नसते तर गेलेही नसते. असं पुढे-मागे करता करता त्यांनी एका मशीनमध्ये पांढऱ्या चादरींबरोबर जिमचा निळा टॉवेल टाकला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. जाऊ काही बोलली नाही, आणि तिने न बोलणं हे मावशींना जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी काका उठले, कागद घेतला, भिंतीवर लावून उभ्या उभ्या काहीतरी आखायला लागले. व्हॅनच्या सीटसाठी एक गादी होती ती, कमरेशी जाड, मांडीशी उतरती. गादीवाल्याने तो कागद बघून डोकं खाजवलं, पण गादी शिवून दिली. फार काही साधलं नाही. दहा मिनिटांची वीस झाली, फार तर बावीस. म्हणजे लाँड्रीपासून दातांच्या दवाखान्यापर्यंत. हॉटेलं त्याच्या पुढे, तिथवर काका पोचत नाहीत.

कंपनीची जाहिरात महिन्याभराने आली. जावेने मोबाइलवर दाखवली. डोंगर होता, नदी होती, एक उंच बाई केस उडवत गाडी चालवत होती. मध्येच दोन सेकंद कोणाचा तरी हात गालिच्यावरून फिरला. मनगटाच्या वर बाहीवर ब्लीचचे ठिपके होते, म्हणून ओळखता आला. मावशींचा आवाज कुठेच नव्हता.

"तुम्हीच ना या?" जावेने विचारलं.

"हात माझा आहे," मावशी म्हणाल्या.

आता रोज सकाळी काका मावशींबरोबर दवाखान्यापर्यंत जातात. तिथे उतरून बाकाशेजारी उभे राहतात, दात दुखणाऱ्या माणसांशी घरांच्या नकाशांबद्दल बोलतात. त्या माणसांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे गप्पा छान रंगतात. मावशी हॉटेलं उरकून येताना त्यांना घेतात. सीटवर चढताना काका दर वेळी दात आवळतात.

"दुखतंय?" मावशी विचारतात.

"दुखतंय तर," काका म्हणतात, आणि समोरच्या इमारतीच्या बाल्कनीचा कठडा कसा अर्धा हात बुटका बांधलाय ते सांगायला लागतात. मावशी गिअर टाकतात, कठड्याकडे बघतात. त्यांना तो बरोबरच वाटतो.